चंद्रावरचा सातबारा कोणाच्या नावावर?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला मामाने चंद्रावरची एक एकर जमीन ‘घेऊन दिली’. सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र कुरिअरने घरी आलं. ती जमीन कायद्याने मुलाची झाली का? झाली नसेल, तर पुढेमागे होईल का? आणि चंद्रावर नाही, तर निदान मंगळावर तरी?

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात: नाही. बाकीच्यासाठी जरा बैठक मारावी लागेल.

मी नाशिकला गेली २७ वर्षं जमिनीच्या व्यवहारांचं काम करते. टायटल सर्च, खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं. अवकाशाचा कायदा मी हौसेने वाचायला घेतला नाही. काही वर्षांपूर्वी एक आजोबा मृत्युपत्र करायला आले. पिशवीतून एकेक कागद टेबलावर आला: सिन्नरकडच्या वावराचे सातबारे, आठ-अ, फ्लॅटचा इंडेक्स टू, घरपट्टीच्या पावत्या. त्या गठ्ठ्यातच एक जाड, गुळगुळीत कागद होता. अमेरिकेतल्या मुलाने साठीला भेट दिलेली चंद्रावरची एक एकर. आजोबा म्हणाले, “हीपण लिहा मॅडम, नातवाच्या नावाने.”

कागद हातात आला की आमचे डोळे ठरलेल्या तीन जागी जातात. विकणारा कोण, त्याच्याकडे कुठून आली, आणि चतुःसीमा काय. त्या कागदावर प्लॉट नंबर होता, अक्षांश-रेखांश होते, एका विवराचं नाव होतं, खनिजहक्कही दिले होते. चतुःसीमा मात्र नव्हती. पूर्वेस कोणाचा गट, पश्चिमेस ओढा की रस्ता, काही नाही. खनिजहक्कांचं तर मला हसूच आलं. आजोबांना स्वतःच्या वावरातला मुरूम काढून विकायचा झाला तर परवानगी घ्या, स्वामित्वधन भरा. कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ ने खनिजं सरकारकडे ठेवली आहेत. चंद्रावर मात्र वरची माती आणि खालचं पाताळ, सगळं एकाच रकमेत.

पण खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. विकणाऱ्याकडे ती कुठून आली?

टायटल म्हणजे साखळी. तुमच्याकडे कोणाकडून आली, त्याच्याकडे कोणाकडून, असं आम्ही मागे मागे जातो. बँक ३० वर्षांचा सर्च मागते म्हणून आपण तिथे थांबतो; साखळी तिथे संपत नाही. ती जाऊन जाऊन एखाद्या सनदेपाशी, इनामापाशी, वतनापाशी, नाहीतर सरकारी आदेशापाशी पोचते. वरच्या टोकाला कायम राज्यसत्ता असते, मग ते पेशवे असोत, इंग्रज असोत वा महाराष्ट्र शासन. आमच्या संहितेचं कलम २० तर सरळच सांगतं की जी जमीन कोणा व्यक्तीच्या मालकीची नाही, ती सरकारची. म्हणजे बेवारस जमीन असा प्रकार महाराष्ट्रात नाहीच. धनी सापडला नाही की धनी सरकार.

चंद्रावर ही वरची कडीच नाही. आणि ती चुकून राहून गेलेली नाही, ठरवून काढून टाकलेली आहे.

सप्टेंबर १९५९ मध्ये सोव्हिएत संघाचं लूना-२ चंद्रावर आदळलं, सोबत सोव्हिएत चिन्हं कोरलेले छोटे धातूचे तुकडे घेऊन. झेंडा रोवून मुलूख आपला म्हणायची युरोपची चारशे वर्षांची सवय सगळ्यांना ठाऊक होती. उद्या चंद्रावरून लढाई नको, यावर दोन्ही महासत्तांचं एकमत झालं, आणि २७ जानेवारी १९६७ रोजी लंडन, मॉस्को आणि वॉशिंग्टन इथे बाह्य अवकाश करार सह्यांसाठी खुला झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरपासून तो लागू आहे. आज शंभरहून जास्त देश त्यात आहेत. अमेरिका, रशिया, चीन सगळे. भारत १९८२ पासून.

त्यातलं कलम २ एका वाक्याचं आहे. मथितार्थ असा: चंद्र आणि इतर खगोलीय पिंडांसह बाह्य अवकाश कोणत्याही राष्ट्राला आपलंसं करता येणार नाही; सार्वभौमत्वाचा दावा सांगून नाही, वापर किंवा कब्जा करून नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने नाही. जमिनीच्या वकिलाने हे वाक्य वाचलं की ते लिहिणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार करावासा वाटतो. कारण ‘वापर किंवा कब्जा’ या दोन शब्दांनी आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी पळवाट बंद केली आहे. आपल्याकडे दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, मालकाच्या हक्काविरुद्ध १२ वर्षं बसून राहिलात तर मुदतीच्या कायद्याने मूळ मालकाचा हक्क संपू शकतो. सरकारी जमीन असेल तर ३० वर्षं. चंद्रावर ३०० वर्षं तळ ठोकून बसलात तरी देश म्हणून तुमचा हक्क लागत नाही.

अपोलो-११ चा झेंडा? १९६९ मध्येच अमेरिकी संसदेने कायद्यात लिहून ठेवलं की चंद्रावर लावलेला झेंडा हा राष्ट्रीय अभिमानाचं प्रतीक आहे, मालकीचा दावा नव्हे. आपलंही तसंच. चांद्रयान-३ जिथे २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं त्या जागेचं ‘शिवशक्ती’ हे नाव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मार्च २०२४ मध्ये मान्य केलं. पण नाव देणं वेगळं आणि नावावर होणं वेगळं.

आता मुलाच्या मामाला ज्यांनी कागद विकला, त्यांचा युक्तिवाद. करारात ‘राष्ट्र’ म्हटलंय, ‘माणूस’ म्हटलेलं नाही. म्हणून माणसाला मालक होता येतं! अमेरिकेत डेनिस होप यांनी १९८० मध्ये याच मुद्द्यावर चंद्रावर दावा सांगितला, संयुक्त राष्ट्रांना आणि दोन्ही महासत्तांना पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, आणि त्यांनी एकरांवर विक्री सुरू केली. मालाचा तुटवडा नव्हताच; चंद्राचा पृष्ठभाग सुमारे ३ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे ९३७ कोटी एकरांच्या आसपास भरतो. त्यांच्या आधी १९५४ मध्ये चिली देशातल्या तालका गावी खेनारो गाहार्दो वेरा यांनी नोटरीपुढे अख्खा चंद्र आपल्या नावे जाहीर केला होता. तेही वकीलच, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. गावच्या क्लबात सभासद व्हायला स्वतःची स्थावर मालमत्ता लागत होती म्हणून त्यांनी हे केलं, असं सांगतात. मला हा माणूस फार आवडतो. त्याने निदान एकरी भाव लावला नाही.

‘पत्राला उत्तर आलं नाही’ याला कायद्यात किती किंमत आहे? खरेदीआधी आम्हीही वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो: कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी, नपेक्षा हक्क सोडून दिला असं समजण्यात येईल. वाक्य दमदार आहे. पण खरा सहहिस्सेदार आठव्या महिन्यात उगवला, तर त्या नोटिशीने त्याचा हिस्सा बुडत नाही. गप्प राहिल्याने मालकी तयार होत नाही. आणि इथे गप्प राहिलेले तर मालकही नव्हते.

‘राष्ट्र, माणूस नव्हे’ हा मुद्दा दोन ठिकाणी मोडतो. एक, त्याच कराराचं कलम ६ सांगतं की बिगर-सरकारी संस्थांनी अवकाशात केलेल्या कामांचीही जबाबदारी त्यांच्या देशावर आहे. देशाने परवानगी द्यायची आणि सतत देखरेख ठेवायची. म्हणजे देशाला जे करायला मनाई, ते आपल्या नागरिकाच्या हातून करवून घ्यायची सोय नाही. दोन, जमिनीची खासगी मालकी म्हणजे नुसता कागद नव्हे. कोणी घुसलं तर मनाई हुकूम देणारं कोर्ट, नोंद करणारं कार्यालय, हुकूम अमलात आणणारा अधिकारी, हे सगळं मिळून मालकी होते. जो देश म्हणतो की ‘ही जागा माझ्या हद्दीत नाही’, तो तुम्हाला तिथली मालकी कुठून देणार? आपल्याकडे तर साधी अडचण पाहा. शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, आणि नोंदणी कायद्याचं कलम २८ म्हणतं की मालमत्ता ज्याच्या हद्दीत आहे त्या दुय्यम निबंधकाकडे जा. चंद्र कोणत्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत येतो?

हे नुसतं पुस्तकी नाही, कोर्टात तपासलं गेलं आहे. ग्रेगरी नेमिट्झ या अमेरिकी गृहस्थांनी ४३३ इरॉस या लघुग्रहावर मालकी सांगितली होती. १२ फेब्रुवारी २००१ ला नासाचं निअर शूमेकर यान इरॉसवर उतरलं, तेव्हा त्यांनी नासाला पार्किंगचं बिल पाठवलं: शंभर वर्षांचे २० डॉलर. नासाने नकार दिला. ते २००३ मध्ये नेवाडाच्या संघीय न्यायालयात गेले, २००४ मध्ये दावा फेटाळला गेला, आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. रक्कम क्षुल्लक होती हे बरंच झालं, नाहीतर कोर्ट फीच अंगावर आली असती. चीनमध्ये ‘लूनार एम्बसी’ नावाने चंद्रजमीन विकणाऱ्या कंपनीवर २००५ मध्ये प्रशासनाने बडगा उगारला. कंपनी कोर्टात गेली आणि तिथेही हरली.

एवढं वाचून ‘अवकाशात कशाचीच मालकी नाही’ असं समजू नका. तिथे मालकी आहे, फक्त जमिनीची नाही. माझ्या मते या विषयातला खरा रस इथूनच पुढे आहे.

तुम्ही वर नेलेली वस्तू तुमचीच राहते. कराराच्या कलम ८ प्रमाणे यान अवकाशात गेलं, चंद्रावर उतरलं किंवा मोडून पडलं, तरी मालक बदलत नाही. १९९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात रशियन बाजूने चंद्रावर उभी असलेली लुनोखोद-२ ही गाडी विकायला काढली, आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या रिचर्ड गॅरियट यांनी ती ६८,५०० डॉलरना घेतली. गाडी त्यांची. चाकाखालची माती कोणाचीच नाही. भाड्याच्या अंगणात उभ्या केलेल्या बैलगाडीसारखं म्हणणार होते, पण इथे अंगणाला मालकच नाही.

आणि तिथून उचलून आणलेली माती? हाच आजचा वादाचा मुद्दा. १९७० मध्ये लूना-१६ ने आणलेल्या १०१ ग्रॅम मातीपैकी काही कण त्याच १९९३ च्या लिलावात ४,४२,५०० डॉलरना गेले, आणि २०१८ मध्ये पुन्हा विकले तेव्हा ८,५५,००० डॉलर आले. अपोलोने आणलेला ३८२ किलोचा साठा अमेरिकी सरकार आपला समजतं. चीनने २०२० मध्ये छांग-अ-५ ने सुमारे १ किलो ७३१ ग्रॅम आणि २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून छांग-अ-६ ने सुमारे १ किलो ९३५ ग्रॅम माती आणली. ती चीनची नाही असं कोणी म्हटलेलं नाही. म्हणजे व्यवहारात सगळ्यांनी मान्य केलंय की काढलेला माल काढणाऱ्याचा.

समजायला रत्नागिरीचा मच्छीमार घ्या. खोल समुद्र त्याच्या नावावर नाही, कोणाच्याच नाही. पण जाळ्यात आलेली सुरमई त्याची. अमेरिकेने नोव्हेंबर २०१५ मध्ये कायदा करून नेमकं हेच म्हटलं: अवकाशातून काढलेली साधनसंपत्ती आमच्या नागरिकाने बाळगावी, वापरावी, विकावी, मात्र यातून आम्ही कोणत्याही पिंडावर सार्वभौमत्व सांगत नाही. लक्झेंबर्गने २०१७ मध्ये, संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये, जपानने २०२१ मध्ये अशाच वाटेने कायदे केले. भारतात अजून अवकाशाचा सर्वंकष कायदा नाही, पण भारतीय अवकाश धोरण २०२३ मध्ये खासगी संस्थांना लघुग्रहावरची वा अवकाशातली साधनसंपत्ती मिळवून ती बाळगण्याचा, विकण्याचा हक्क नमूद आहे. लागू कायदे आणि आंतरराष्ट्रीय बंधनं पाळून. नासाने २०२० मध्ये चंद्राची माती चंद्रावरच विकत घ्यायचे करार चार कंपन्यांशी केले, त्यातला एक तर अवघ्या एका डॉलरचा. माती हवी होती असं मला वाटत नाही. त्यांना विक्रीचा पायंडा पाडायचा होता. आमच्याकडे बयाणा म्हणून एक रुपया हातावर ठेवतात ना, तसंच.

मासळीची उपमा मला पुरती पटत मात्र नाही. सुरमई पुन्हा येते, चंद्राच्या विवरातलं बर्फ पुन्हा येत नाही. म्हणून दुसरी बाजू म्हणते की हे मासळीपेक्षा वाळूउपशासारखं आहे. नदीपात्र सगळ्यांचं, मग उपसा करणाऱ्याने सगळ्यांना वाटा द्यावा. १९७९ च्या चंद्र करारात हाच विचार आहे: चंद्राची संपत्ती मानवजातीचा सामायिक वारसा, आणि अजून न काढलेली, जागेवरची संपत्ती कोणा व्यक्तीचीही मालमत्ता होणार नाही. इथे ‘माणूस’ शब्द घालून ती फटही बुजवली होती. पण मोठ्यांपैकी कोणी त्यात आलं नाही. भारताने सही केली, पुढे अनुसमर्थन दिलं नाही. सौदी अरेबिया तर आत येऊन २०२४ च्या जानेवारीत बाहेर पडला. समुद्रतळाच्या बाबतीत मात्र असा सामायिक कारभार खरोखर चालतो. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ मध्ये समुद्रतळावरच्या खनिजांच्या गोळ्या वर काढल्या, आणि पुढे भारताला मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा मिळाला. मालकीचा नव्हे, आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करून, शोधापुरता. उद्या चंद्रावर काही कायमचं घडलं तर ते असंच भाडेपट्ट्यासारखं असावं, असं माझं मत. गायरानात चारायचा हक्क वेगळा, गायरान नावावर करून घेणं वेगळं.

तोवर मात्र भांडण मालकीचं नाही, वहिवाटीचं होणार आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे सूर्यप्रकाश बराच काळ टिकणारे मोजके उंचवटे आहेत, आणि शेजारच्या कायम अंधाऱ्या विवरांत बर्फ. सगळ्यांना तीच जागा हवी. चंद्रावरच्या कामांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारनाम्यात, ज्यावर भारताने २१ जून २०२३ ला सही केली, ‘सुरक्षा क्षेत्र’ अशी कल्पना आहे: माझं काम चालू आहे, तुमच्या यानाच्या धुरळ्याने नुकसान होईल, म्हणून जवळ येण्याआधी कळवा. कागदावर हे तात्पुरतं आहे, मालकी नाही असंही स्पष्ट लिहिलंय. १९६७ च्या कराराचं कलम १२ तर म्हणतं की चंद्रावरचे तळ इतर देशांच्या प्रतिनिधींना, परस्परतेने आणि आगाऊ सूचनेवर, पाहायला खुले राहतील. पण बांध कसा सरकतो ते मी रोज पाहते. आधी काट्या टाकतात, मग तार येते, मग ‘आमची पूर्वापार वहिवाट’ येते. मला चिंता आहे ती या काट्यांची.

मंगळाला वेगळा नियम नाही. ‘इतर खगोलीय पिंड’ म्हणजे मंगळही आला. २०२० मध्ये स्टारलिंकच्या, म्हणजे रॉकेट उडवणाऱ्या स्पेसएक्स कंपनीच्या उपग्रह-इंटरनेट सेवेच्या, ग्राहक करारात मंगळ हा ‘मुक्त ग्रह’ आहे, तिथे पृथ्वीवरच्या सरकारांची सत्ता चालणार नाही, असं कलम झळकलं होतं. ग्राहकाने ‘मान्य’चं बटण दाबल्याने आंतरराष्ट्रीय करार रद्द होत नाही, आणि रॉकेट उडवायला परवाना लागतो तो अमेरिकी सरकारचाच.

‘पण उद्या कायदा बदलला तर?’ हे मला नेहमी विचारतात. बदलू शकतो. वर्षभराची नोटीस देऊन कोणताही देश करारातून बाहेर पडू शकतो. समजा पडला, आणि चंद्रावर जमीन वाटू लागला. तर त्याची सनद तो देईल, त्याच्या माणसांना. मुलाच्या मामाला कागद ज्याने दिला त्याला ती सत्ता तेव्हाही नसेल. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ वारसाहक्काच्या नुसत्या आशेचं हस्तांतर होऊ देत नाही. ही आशा तर त्याहून पातळ. म्हणून भेट म्हणून पाचपन्नास डॉलर गेले तर जाऊ द्या, पण कोणी ‘गुंतवणूक’ म्हणून विकत असेल तर एक रुपयाही देऊ नका, आणि पैसे गेलेच असतील तर पावत्या, जाहिरात, बँकेची नोंद जपून ठेवून तक्रार करा.

तुमच्या मुलाचा कागद फेकायची गरज नाही. मी आजोबांचं मृत्युपत्र केलं त्यात स्थावराच्या परिशिष्टात चंद्र घेतला नाही. जंगम वस्तूंच्या यादीत, मनगटी घड्याळ आणि पितळी समईच्या खाली ओळ घातली: ‘प्रमाणपत्र, फ्रेमसह, नग एक, नातवास.’ फ्रेम त्यांची होती, काच त्यांची होती, कागदही त्यांचा होता. त्यांनी ओळ दोनदा वाचली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, “बरं, आता त्या सिन्नरच्या बांधाचं बघू. धाकट्याने यंदा पुन्हा दोन फूट आत नांगरलंय.”